वस्तादानं राखून ठेवलेला डाव

मी एकतीस वर्षं कुस्तीचा क्रीडा मार्गदर्शक म्हणून सरकारी नोकरी केली. कागदावरचं पद ‘क्रीडा मार्गदर्शक’. पण त्या नावानं मला कुणी हाक मारल्याचं आठवत नाही. पोरं ‘सर’ म्हणत, त्यांचे बाप ‘वस्ताद’ म्हणत, वर्तमानपत्रात ‘प्रशिक्षक’ छापून येई आणि संघ परराज्यात गेला की गळ्यातल्या ओळखपत्रावर ‘कोच’ लिहिलेलं असे. एकदा उत्तरेकडच्या स्पर्धेला निघालो असताना तिकीट तपासनिसानं आमच्यातल्या सर्वांत लहान मल्लाला विचारलं, ‘कोच कौन सा है?’ पोरगं जराही गोंधळलं नाही. वरच्या बर्थकडं बोट करून म्हणालं, ‘वो क्या, उप्पर सोया है!’

सगळा डबा हसला, मीही हसलो. मात्र याच शब्दांपैकी एकानं मला पुढं बरीच वर्षं झोप लागू दिली नाही. एका मल्लाचा बाप ऑफिसात आला, माझ्यासमोर उभा राहिला आणि शांतपणे म्हणाला, ‘सर, तुमी लई वस्ताद निघालासा.’ शब्द तोच, ज्यानं तो मला इतकी वर्षं मान देत आला होता. अर्थ मात्र उलटा. तो असं का म्हणाला, हे मी शेवटी सांगणार आहे. निवृत्तीनंतर हाती वेळ आला तेव्हा ठरवलं की आपल्या धंद्याला लोकांनी जी नावं दिली, त्यांचा माग काढायचा. शिकवणाऱ्याचं नाव फसवणाऱ्याला कसं चिकटलं, एवढंच मला पाहायचं होतं.

गाडीचा झाला मास्तर

सुरुवात परक्या शब्दापासून करू, कारण त्याचा प्रवास जास्त स्पष्ट दिसतो. हंगेरीत बुडापेस्ट आणि व्हिएन्नाच्या वाटेवर कोच नावाचं एक खेडं आहे. पंधराव्या शतकात तिथले सुतार-लोहार हलक्या, कमी हादरे देणाऱ्या घोडागाड्या बांधण्यासाठी प्रसिद्ध होते. ‘कोचची गाडी’ या अर्थानं ‘कोची’ हा शब्द रूढ झाला, आणि गाडीबरोबर तो युरोपभर धावला. जर्मनीत ‘कुट्श’ झाला, स्पेनमध्ये ‘कोचे’ झाला. स्पेनमध्ये आज मोटारगाडीलाही कोचेच म्हणतात. सोळाव्या शतकात तो इंग्रजीत पोचला. आपल्याकडं इंग्रजांबरोबर आला तो कोचमन होऊन. मुंबईच्या व्हिक्टोरिया हाकणारा तो कोचमन. हिंदीनं त्याच्या शेवटाला गाडीवानाचा ‘वान’ लावून ‘कोचवान’ केला. आगगाडीचा डबा कोच झाला, आरामबस कोच झाली. जुन्या मराठी कथा-कादंबऱ्यांतल्या दिवाणखान्यात लोक ‘कोचावर’ बसतात. तो कोच मात्र वेगळ्या इंग्रजी शब्दातून, बैठकीच्या ‘काउच’मधून आलेला आहे.

गाडीचा मास्तर झाला तो विद्यार्थ्यांच्या टवाळीतून. 1830 च्या सुमारास ऑक्सफर्डमधली पोरं परीक्षेसाठी पैसे देऊन ठेवलेल्या खाजगी शिक्षकाला ‘कोच’ म्हणू लागली. आपण नुसतं बसायचं, हा आपल्याला ओढत परीक्षेपार नेतो, अशी त्यामागची कल्पना. म्हणजे या शब्दाची सुरुवातच आदरानं झालेली नाही. हा शिक्षक विद्यापीठाचा अधिकृत अध्यापक नव्हता; परीक्षेत काय विचारतात आणि कमी वेळात ते कसं सोडवायचं, हे जाणणारा तो माणूस होता. केंब्रिजमध्ये गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेभोवती तर या कोचांचा मोठा पसारा उभा राहिला. एडवर्ड राउथ नावाच्या कोचनं एकट्यानं दोन डझनांहून अधिक सीनियर रँग्लर घडवले. मराठी माणसाला ‘रँग्लर’ म्हटलं की दापोलीजवळच्या मुर्डीचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे आठवतात. 1899 मध्ये ते याच परीक्षेत संयुक्तपणे पहिले आले, ते याच कोचांच्या केंब्रिजमध्ये. आज आपल्या गल्लोगल्ली ‘कोचिंग क्लास’च्या पाट्या दिसतात, तेव्हा लोक म्हणतात की खेळातला शब्द शिक्षणात पळवला. वस्तुस्थिती उलटी आहे. शब्द आधी क्लासचा होता. मैदानात तो नंतर आला.

तो आला नदीवरून. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज यांच्या नौकास्पर्धेची सुरुवात 1829 मधली. वल्ही मारणाऱ्या पोरांना शिकवणारा माणूस काठानं घोड्यावरून त्यांच्याबरोबर जात ओरडत असे. 1860 च्या आसपास पोरांनी त्यालाही तेच टोपणनाव दिलं. गाडीवरून मास्तराकडं गेलेला शब्द पुन्हा घोड्यावर बसला.

उस्ताद आणि वस्ताद

आता घरच्या शब्दाकडं येऊ. वस्ताद हा फारसी ‘उस्ताद’चा मराठी अवतार. मूळ अर्थ एखाद्या कलेत वा हुन्नरात पारंगत असलेला, दुसऱ्याला शिकवणारा. अरबी मुलखात विद्यापीठातल्या प्राध्यापकाला ‘उस्ताज’ म्हणतात, तर तुर्कस्तानात ‘उस्ता’ म्हणजे कसबी कारागीर, मिस्त्री. पुस्तकातली विद्या असो की हातातली, शब्दानं दोन्ही सांभाळल्या.

मराठीनं मात्र एक वाटणी केली. ती पाहायला कोल्हापूरसारखं गाव नाही. शाहू महाराजांच्या आश्रयाला गायक होते अल्लादिया खाँ, आणि त्याच आश्रयाला मल्लही होते. 1912 मध्ये खासबागचं मैदान उभं राहिलं. गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी या तालमींची नावं आजही कुस्तीच्या बोलण्यात पहिल्यांदा येतात. एकाच गावात, एकाच राजाच्या पदरी, गाणं शिकवणारा ‘उस्ताद’ राहिला आणि कुस्ती शिकवणारा ‘वस्ताद’ झाला. बैठकीतला शब्द जसाच्या तसा जपला गेला. लाल मातीत लोळलेला शब्द मराठी झाला. ‘तालीम’चंही तेच. मूळ अरबी शब्द शिक्षणाचा. आपल्याकडं ती कुस्तीची इमारत झाली, आणि नाटकवाल्यांकडं गेली तेव्हा ‘नाटकाच्या तालमी’ झाल्या. उत्तरेकडच्या आखाड्यांत शिकवणाऱ्याला ‘खलिफा’ही म्हणतात. आपल्याकडं वस्तादच टिकला.

या शब्दाला महाराष्ट्रात केवढी उंची मिळाली, त्याचा सर्वांत मोठा दाखला पुण्याच्या गंज पेठेत आहे. लहुजी राघोजी साळवे (1794–1881) यांच्या नावातच ‘वस्ताद’ मिसळून गेलं आहे; लहुजी वस्ताद असंच आपण म्हणतो. मातंग समाजातला हा माणूस तालमीत कुस्ती, दांडपट्टा, नेमबाजी शिकवत असे, आणि तिथं शिकायला जोतीराव फुले जात होते. ज्या काळात शाळेच्या पायरीवर जात विचारली जाई, त्या काळात हौद्यात उतरण्याआधी एका अस्पृश्य मानलेल्या गुरूच्या पाया पडावं लागे. पुढं जोतीरावांनी शाळा काढल्या तेव्हा लहुजी त्यांच्या पाठीशी उभे राहिले. 1855 मध्ये ‘ज्ञानोदय’त मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिणारी मुक्ता साळवे ही फुल्यांच्या शाळेतली विद्यार्थिनी याच साळवे घराण्यातली. वस्ताद या शब्दाचा हा अर्थ मी तालमीतल्या पोरांना मुद्दाम सांगत असे. मग त्याच शब्दाचा दुसरा अर्थ, ‘लबाड, पोचलेला, ताकास तूर लागू न देणारा’, हा आला कुठून?

तीनशे साठावा डाव

मला वाटतं, तो तालमीतूनच आला. आपल्याकडं म्हण आहे की वस्ताद एक डाव राखून ठेवतो. राजकारणातले लोक ती हल्ली फार वापरतात. पण गोष्ट फार जुनी आहे आणि ती मुळात कुस्तीचीच आहे. शेख सादीनं 1258 मध्ये लिहिलेल्या ‘गुलिस्तान’मध्ये एक मल्ल आहे. त्याला तीनशे साठ डाव येत. एका आवडत्या शिष्याला त्यानं तीनशे एकोणसाठ शिकवले आणि एक टाळला. शिष्य तयार झाला, माजला, आणि राजासमोर म्हणाला की मी गुरूला मान देतो तो केवळ वयामुळं; ताकदीत मी कमी नाही आणि विद्येत बरोबरीचा आहे. राजानं कुस्ती लावली. गुरूनं राखलेला तो एक डाव टाकला, पोराला डोक्यावर उचललं आणि आपटलं.

‘गुलिस्तान’ हे शतकानुशतकं फारसी शिकणाऱ्यांचं पाठ्यपुस्तक होतं. फारसी कारभाराबरोबर ‘उस्ताद’ शब्द आपल्याकडं आला, तसा या गोष्टीचा धागाही आला असावा, असा माझा तर्क आहे. अर्थात आपल्या मातीतही तिची बहीण होतीच. मांजरानं वाघाला सगळं शिकवलं, फक्त झाडावर चढणं शिकवलं नाही, म्हणून मावशी जिवंत राहिली.

या गोष्टी आपण गुरूच्या बाजूनं सांगतो. शिष्य माजोरी, गुरू दूरदर्शी. तालमीत वाढलेल्या माणसाला मात्र तिची दुसरी बाजू ठाऊक असते. रोज पहाटे चार-साडेचारला उठून हौदा खणायचा, तेल, ताक, हळद, लिंबू घातलेली ती माती उकरायची, जोर-बैठका मारायच्या, वस्तादाचं अंग रगडायचं, आणि हे सगळं करत असताना मनात शंका असते की यानं मला सगळं दिलंय का. त्या शंकेतून शब्दाला दुसरा अर्थ आला. म्हणून मला वाटतं की ‘वस्ताद’चा हा अर्थ रस्त्यावरच्या टवाळांनी बिघडवलेला नाही. ती शिष्यांची साक्ष आहे. कोश पंडित लिहितात, पण बोलीतले अर्थ शिकणारे लिहितात.

इतर शब्द तपासले तरी हेच दिसतं. ‘गुरू’पासून ‘गुरुघंटाल’ झाला. ‘गुरुकिल्ली’ म्हणजे सगळी कुलुपं उघडणारी किल्ली. ती अर्थातच गुरूकडं असते. मुंबईत ‘काय गुरू!’ अशी हाक मारली की त्यात मैत्री असते आणि ‘तुझं सगळं माहितेय मला’ हेही असतं. ‘मास्तर’ शाळेतून निघाला आणि शिंप्याच्या दुकानात कात्री घेऊन बसला. आणि उस्ताद? तो ट्रकवर चढला. महामार्गावरच्या कुठल्याही धाब्यावर ऐका. क्लीनर पोरगं ड्रायव्हरला ‘उस्ताद’ म्हणतं. क्लीनरला गाडी शिकायची असते, ती शिकवायची की नाही हे उस्तादाच्या मर्जीवर असतं, आणि तोवर टायर तपासणं, काचा पुसणं चालू असतं. इंग्रजांकडं गाडीचा मास्तर झाला; आपल्याकडं मास्तराचा गाडीवाला झाला. दोन्हीकडं नाव ठेवणारा मात्र तोच, मागं बसलेला किंवा हाताखाली राबणारा.

एका माणसाचे तीन गुरू

स्वतंत्र भारताला पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवून देणाऱ्या खाशाबा जाधवांच्या आयुष्यात हे सगळे शब्द एकत्र सापडतात. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरच्या या मल्लाचे पहिले वस्ताद त्यांचे वडील दादासाहेब. कोल्हापुरात शिकताना त्यांना घडवलं बाबूराव बलावडे आणि बेलापुरे गुरुजींनी. आणि 1948 च्या लंडन ऑलिंपिकच्या वेळी त्यांना मॅटवरची कुस्ती शिकवली रीस गार्डनर या अमेरिकी कोचनं. बाप वस्ताद, शिकवणारे गुरुजी, परदेशी कोच. लंडनला खाशाबा सहावे आले. 1952 मध्ये हेलसिंकीत बँटमवेट गटात त्यांनी कांस्यपदक मिळवलं.

वस्ताद आणि कोच यांतला फरक मला इथं नीट कळला. मातीत निकाल एकाच गोष्टीवर लागतो, चितपट. तोवर खडाखडी कितीही चालो. तिथं एक गुप्त डाव आयुष्यभर पुरतो. मॅटवर नऊ मीटरच्या वर्तुळात मिनिटं मोजलेली असतात, प्रत्येक पकडीला ठरलेले गुण असतात आणि नियमांचं पुस्तक सगळ्यांना खुलं असतं. तिथं राखून ठेवण्यासारखं फारसं काही उरत नाही. कोचचं काम सांगण्याचं, वस्तादाचं काम केव्हा सांगायचं ते ठरवण्याचं.

स्वातंत्र्यानंतर सरकारनं या कामाला रीत घालून दिली. 1953 मध्ये राजकुमारी अमृत कौर यांच्या नावानं प्रशिक्षणाची योजना आली, 1961 मध्ये पतियाळाची राष्ट्रीय क्रीडा संस्था सुरू झाली, आणि ‘एन.आय.एस. कोच’ ही जात जन्माला आली. मीही तिथलाच. पदविका हाती आली, पण नावांचा घोळ सुटला नाही. 1985 मध्ये केंद्र सरकारनं प्रशिक्षकांसाठी पुरस्कार सुरू केला आणि त्याला नाव दिलं द्रोणाचार्य. पहिल्याच वर्षीच्या तीन मानकऱ्यांत कुस्तीचे भालचंद्र भास्कर भागवत होते, याचा आम्हा कुस्तीवाल्यांना अभिमान. पण ज्या गुरूनं न शिकवलेल्या शिष्याचा अंगठा मागून घेतला, त्याचं नाव आपण प्रशिक्षकाच्या छातीवर लावतो, आणि खो-खोच्या राष्ट्रीय स्पर्धेतल्या सर्वोत्कृष्ट पुरुष खेळाडूला ‘एकलव्य’ पुरस्कार देतो. महाराष्ट्र शासनाच्या मार्गदर्शक पुरस्काराला आधी दादोजी कोंडदेवांचं नाव होतं. ते शिवरायांचे गुरू होते का यावर वाद झाला आणि नाव काढलं गेलं. कुणी कुणाला शिकवलं, हा प्रश्न आपल्याकडं कधीच साधा नसतो. रमाकांत आचरेकरांना 1990 मध्ये द्रोणाचार्य मिळाला, तरी शिवाजी पार्कसाठी ते शेवटपर्यंत ‘सर’च राहिले. ते स्टंपवर रुपयाचं नाणं ठेवत. बाद न होता टिकलास तर नाणं तुझं. निदान ते नाणं सगळ्यांना दिसत होतं.

ड्रॉवरमधलं पत्र

आता त्या बापाकडं येतो.

त्याचा मुलगा सोळा वर्षांचा होता. माझ्या हाताखालून गेलेल्या पोरांत तसा दुसरा मला मिळाला नाही. एका मोठ्या प्रशिक्षण केंद्राकडून त्याच्या निवड चाचणीचं पत्र माझ्या ऑफिसच्या पत्त्यावर आलं. निवड झाली असती तर राहणं, खुराक, शिक्षण, सगळं मोफत. शेतमजुराच्या पोराला ही केवढी गोष्ट होती, हे सांगायला नको. मी पत्र वाचलं आणि ड्रॉवरमध्ये ठेवलं. स्वतःला सांगितलं की पोरगं अजून कोवळं आहे, एक वर्ष माझ्याजवळ आणखी तयार होऊ दे. ते खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं. महिन्यावर राज्य स्पर्धा होती, माझ्या जिल्ह्याला त्या वजनगटात कधी सुवर्ण मिळालं नव्हतं, आणि चाचणी नेमकी त्याच आठवड्यात होती.

सुवर्ण मिळालं. माझा फोटो पेपरात आला. पोराच्या डोक्यावर माझा हात होता. दोन महिन्यांनी दुसऱ्या तालुक्यातला एक मुलगा त्या केंद्रात दाखल झाला, त्याच्याकडून पत्राची गोष्ट फुटली, आणि बाप माझ्यासमोर येऊन ते वाक्य बोलला. त्यानं तक्रार केली नाही. आवाजही चढवला नाही. पोराला घेऊन गेला.

सादीच्या मल्लानं एक डाव राखला तो स्वतःच्या बचावासाठी, आणि शिष्य त्याच्यावर चालून आला होता. माझं पोरगं माझ्यावर चालून आलं नव्हतं. तेव्हा दूरदृष्टीची ती सबब मला नाही. मी फक्त एक तारीख राखून ठेवली. आमच्या धंद्यात डाव शिकवणं सोपं असतं. पोराला पुढच्या माणसाच्या हाती सोपवणं, स्वतःचं नाव मागं ठेवून त्याला जाऊ देणं, हाच तो शेवटचा डाव. तो मला पतियाळात शिकवला नव्हता, आणि मी शिकलो तेव्हा उशीर झाला होता.

गेल्या वर्षी यात्रेच्या कुस्त्यांना गेलो होतो. तिथं कळलं की त्या पोरानं, आता तो पस्तिशीचा आहे, गावात तालीम काढली आहे. धीर करून गेलो. निम्म्या जागेत लाल माती, निम्म्यात जुनं मॅट. बारा-पंधरा पोरं सपाट्या मारत होती. तो पुढं आला, वाकून पाया पडला आणि म्हणाला, ‘या वस्ताद.’ कोणत्या अर्थानं म्हणाला, ते मी विचारलं नाही.

पोरांना बघत भिंतीला टेकून उभा राहिलो. दाराजवळ काळा फळा टांगलेला होता. त्यावर खडूनं, मोठ्या अक्षरात, येत्या सहा महिन्यांतल्या सगळ्या केंद्रांच्या, सगळ्या जिल्ह्यांच्या निवड चाचण्यांच्या तारखा लिहिलेल्या होत्या. खाली ओळ होती : ‘आईबापांनी वाचावे. येत नसेल तर विचारावे.’